व्हाइस सिटीत अमळनेर–चोपडा

"मामा, हाई उलटं लिखेल शे ना!" भाचा ओरडला तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. जीटीए व्हाइस सिटी या संगणकावरच्या खेळातल्या रस्त्यावर आठ दिवस खपून आणलेल्या एसटीच्या उजव्या अंगावर 'अमळनेर–चोपडा' नीट होतं आणि डाव्या अंगावर आरशात पाहिल्यासारखं.

हे खूळ त्याचंच. मे महिना, बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि याला खेळात आपला लाल डबा पळवायचा होता. आधी त्याच्या लॅपटॉपवरच्या एका नव्या खेळाशी झटापट केली. दोन दिवसांत हात टेकले. तिथे बसच्या एका पत्र्याला तीन-तीन चित्रं: रंगाचं एक, उंचसखलपणाचं दुसरं, खडबडीतपणाचं तिसरं. त्यावर ऊन पडल्यावर काय दिसेल ते खेळ ऐनवेळी मांडतो. मी नुसता रंग बदलला, तर आमची एसटी जत्रेतल्या प्लास्टिकच्या गाडीसारखी चकाकायला लागली. एसटी कधी चकाकते का?

मग माळ्यावरून माझी जुनी सीडी काढली. व्हाइस सिटी पीसीवर आली २००३ साली, पण बनली होती आधी टीव्हीला जोडायच्या प्लेस्टेशन २ या खेळयंत्रासाठी. त्या यंत्राची मुख्य मेमरी ३२ एमबी, चित्रांसाठी वेगळी ४ एमबी. एवढ्याशा जागेत अख्खं शहर कोंबायचं, म्हणून रंग, मळ, फटीतली सावली सगळं एकाच लहानशा चित्रात रंगवून टाकलेलं. ते चित्र बदललं की खेळात फरक लगेच दिसतो. दुकानाच्या पाट्या रंगवणाऱ्या माणसालाही जमेल असं हे काम.

खेळाचं बहुतेक सामान एका मोठ्या आयएमजी फाइलीत असतं. शेजारची डीआयआर फाइल म्हणजे निव्वळ यादी: कोणती वस्तू कुठून सुरू होते आणि २०४८ बाइटचे किती खण व्यापते. कडी-कुलूप काही नाही. आयएमजी टूल नावाच्या प्रोग्रामने बसची टीएक्सडी, म्हणजे चित्रांची फाइल बाहेर काढली, टीएक्सडी वर्कशॉप या दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडली, चित्र रंगवून परत आत. चित्राच्या बाजू १२८, २५६, ५१२ अशाच ठेवायच्या, एवढं पथ्य.

रंगात मात्र फसलो. लालभडक रंगवलेली बस खेळात मळकट तपकिरी दिसली. अंगाचा रंग खेळ वरून वेगळा चढवतो आणि तो चित्रातल्या रंगाशी गुणला जातो, हे कळायला एक रात्र गेली. ते रंग कारकोल्स नावाच्या डॅट फाइलीत असतात. साधी मजकुराची फाइल, नोटपॅडमध्ये उघडते. वर क्रमांकवार रंग, खाली कोणत्या गाडीला कोणता क्रमांक. मी शहाण्याने खालचा क्रमांक बदलायचा सोडून वरचा रंगच लाल केला. तो क्रमांक वापरणाऱ्या सगळ्या गाड्या लाल! भाचा खूश, मला मात्र सगळं पुन्हा करावं लागलं.

त्यात आयएमजी फाइल नव्याने बांधत असताना लाइट गेली. यादी एक सांगते, आत भलतंच. खेळ उघडेचना. मूळ फाइलीची नक्कल पेनड्राइव्हवर ठेवली होती म्हणून निभावलं.

आता ही उलटी पाटी. जागा वाचवायला दोन्ही अंगांना एकच चित्र, एकीकडे पालथं करून लावलेलं. सोडवायचं तर बसचा आकार जिच्यात असतो त्या डीएफएफ फाइलीत हात घालायला हवा. तेवढा दम माझ्यात नव्हता. दोन्ही बाजूंचं नाव पुसून पिवळा पट्टा मारला आणि पाटी फक्त समोर काचेवर ठेवली.

पहिल्याच फेरीत भाच्याने बस थेट समुद्रात घातली. मी डोक्याला हात लावला.

"तापी लागनी ना मामा!"