फांदीचा खुंट आणि कमरेचा दोर

साताऱ्यातल्या गोडोलीत एका जुन्या घराच्या परसात रायवळ आंब्याचे मोठे झाड आहे. गेल्या महिन्यात छाटणीच्या कामासाठी त्यावर चढलो, तेव्हा पंचवीसेक फुटांवर खोडातून बाहेर आलेला हातभर लांबीचा एक वाळका खुंट दिसला. त्याची साल गळून गेली होती, टोकाला कोयत्याचे तिरपे घाव होते आणि मुळाशी, खोडातच, मूठ जाईल एवढे भोक पडले होते. त्यात हात घातला तो कोपरापर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा बोटांना काळा ओला भुसा लागला होता आणि त्यात मुंगळे वळवळत होते. तो खुंट चौदा वर्षांपूर्वी मीच ठेवला होता.

तो दिवस मला चांगला आठवतो. डावा हात खोडाला घट्ट मिठी मारून, कमरेला सोलाचा, म्हणजे जाड दोराचा, एक वेढा आणि उजव्या हातात कोयता, अशा अवस्थेत मी होतो. फांदी खोडाजवळ तोडायची तर कोयता माझ्याच गुडघ्यापाशी फिरवावा लागला असता, म्हणून हात जिथे सुखरूप पोचत होता तिथे घाव घातला आणि उतरलो. झाडाच्या दृष्टीने कुठे कापावे, हा प्रश्न त्या वेळी मनात येणे शक्यच नव्हते. आमच्या भागातल्या झाडांवर दिसणारे बहुतेक खुंट अडाणीपणाने राहिलेले नाहीत, ते भीतीपोटी राहिलेले आहेत, असे माझे आता ठाम मत झाले आहे. म्हणूनच झाडाच्या आरोग्याविषयी कोणी विचारले, की मी करवतीच्या आधी दोराविषयी बोलू लागतो.

ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो ते आप्पा मात्र खुंट मुद्दाम ठेवायला सांगत. "खुंटी ऱ्हाऊ दे रं, म्होरल्या साली पाय ठेवाया हुईल," असे ते खालून ओरडत. दोराशिवाय चढणाऱ्या माणसाला खुंट म्हणजे पायरी, आणि ते स्वतः सत्तरीपर्यंत त्याच पायऱ्यांनी चढले, त्यामुळे त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. फक्त ही पायरी आतून कुजते आणि वरून शाबूत दिसते, एवढीच अडचण आहे.

आज मी ज्या दोरावर काम करतो तो सुमारे 12 मिलिमीटर जाडीचा, आत धाग्यांचा गाभा आणि बाहेर विणलेले कवच असलेला, कमी ताणणारा दोर आहे. साताऱ्यात गडकिल्ल्यांवर आणि कड्यांवर चढणारी मुले पुष्कळ असल्यामुळे माझा पहिला दोर आणि पहिला हार्नेस, म्हणजे कंबर-मांड्यांना बांधायचा पट्ट्यांचा साज, अशा एका मित्राकडूनच उसना आला, आणि दोन्ही झाडासाठी गैरसोयीचे निघाले. कड्यावर पुढे चढणाऱ्याचा दोर ताणणाराच हवा, कारण पडताना बसणारा झटका त्याने शोषायचा असतो. झाडावर मात्र आपण दोरावर सतत बसलेलो असतो, आणि दोर रबरासारखा खालीवर होऊ लागला की करवत नेमक्या रेषेवर ठेवता येत नाही. त्या हार्नेसमध्ये तासभर लोंबकळलो की मांड्यांना मुंग्या येत. झाडावरच्या कामासाठी बनवलेल्या हार्नेसचे पट्टे रुंद असतात आणि पुढच्या बाजूला एक आखूड दोर आडवा बांधलेला असून त्यावर कडी सरकते, त्यामुळे कंबर वळवून बाजूच्या फांदीकडे झुकता येते. ही सरकती कडी वापरल्यानंतर मी दुसरा हार्नेस कधी घातला नाही.

दोराला धरून ठेवणाऱ्या गाठीचे तत्त्व सोपे आहे. बारीक दोरीचे वळसे जाड दोराभोवती घेतले, की भार पडताच ते आवळतात आणि भार निघताच सरकतात. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने 1931 मध्ये अशी गाठ प्रसिद्ध केली. झाडावर तिचेच सुधारलेले प्रकार चालतात. कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची उघडझाप होणारी कडी, आपोआप बंद होऊन कुलूप लागणारा आणि उघडायला किमान दोन वेगळ्या हालचाली लागणारा असावा. फांद्यांत घासून साधा कॅराबिनर उघडल्याचे मी डोळ्यांनी पाहिले आहे. कापताना शरीर दोन स्वतंत्र ठिकाणी बांधलेले असलेच पाहिजे, कारण करवतीला फांदी आणि दोर यांतला फरक कळत नाही. कमरेच्या दुसऱ्या दोराला तारेचा गाभा असतो, परंतु चेनसॉपुढे ती तारही फार वेळ टिकेल असे समजू नये.

दोर वर पोचवण्यासाठी बारीक दोरीला तीन-चारशे ग्रॅमची छऱ्यांची पिशवी बांधून ती बेचक्यातून फेकतात. लहानपणी ज्वारीच्या रानात गोफण फिरवलेल्या माणसाला हे चटकन जमते. मग खालून दोघांनी त्या दोरावर लोंबकळून बेचके तपासायचे. दोर नुसता सालीवरून सरकू दिला तर साल घासून खालचा जिवंत थर उघडा पडतो, म्हणून बेचक्यात दोन कड्यांचा पट्टा बसवून दोर त्यातून घेतात. पायाला बांधायचे लोखंडी काटे मी फक्त पाडायच्या झाडावर वापरतो, कारण जिवंत झाडावर प्रत्येक पावलाला एक जखम होते.

इतके सगळे झाल्यावर माणूस दोन्ही हात मोकळे ठेवून फांदीच्या मुळाशी स्वस्थ बसू शकतो, आणि तिथे बसल्यावरच बघण्यासारखे काही दिसते. बेचक्याच्या वरच्या अंगाला सालीची एक खरबरीत चुणी उठलेली असते, तर खालच्या अंगाला फांदी खोडाला मिळते तिथे अंगठीसारखा फुगवटा असतो. हा फुगवटा खोडाचा भाग आहे. काप चुणीच्या बाहेरून सुरू होऊन फुगवट्याच्या बाहेरच संपला पाहिजे. खोडाला सपाट लावून कापले तर फुगवटाच जातो आणि जखम दुपटीने मोठी होते, आणि लांब सोडले तर माझ्यासारखा खुंट राहतो. जड फांदी एका कापात घेऊ नये. आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून काप द्यावा, मग त्याच्या थोडे बाहेर वरून कापून वजन उतरवावे आणि शेवटी उरलेला खुंट फुगवट्याशी हलकेच काढावा. खालचा काप विसरला तर फांदी पडताना खोडाची साल हात-दोन हात सोलत नेते. या शेवटच्या कापासाठी मी ओढताना कापणारी वाकडी जपानी पद्धतीची करवत वापरतो. तासगावकडे द्राक्षाच्या खरड छाटणीला बसणाऱ्या बायकांच्या कात्रीची धार पाहिली, की आमच्या धंद्यातल्या बोथट करवतींची लाज वाटते.

अमेरिकेच्या वनखात्यातले ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून आतली कूज तपासली आणि 1977 मध्ये झाड तिला कसे अडवते याचा एक आराखडा मांडला. माणसाची जखम नव्या पेशींनी भरून येते. झाड बिघडलेले लाकूड कधीच दुरुस्त करत नाही, ते त्याला चारही बाजूंनी कोंडून टाकते आणि बाहेर नवे लाकूड चढवते. या कोंडणाऱ्या भिंतींपैकी वर-खाली पसरणारी कूज अडवणारी भिंत सर्वांत दुबळी, आणि जखमेनंतर तयार होणाऱ्या नव्या लाकडाची सर्वांत बळकट. गोडोलीच्या आंब्यात माझा हात खोल गेला तो वरून खाली, आडवा फारसा गेला नाही, याचे कारण हेच. खुंट उभा असेपर्यंत नव्या लाकडाला कड मिटवता येत नाही, आणि तेवढ्या वर्षांत बुरशी आत उतरत राहते.

कापावर डांबर किंवा बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, फासण्याचा आग्रह घरोघर होतो. बागेतल्या फळझाडांवर, विशिष्ट रोगासाठी, बोर्डोला स्वतःचे स्थान आहे. मोठ्या झाडाच्या कापावर मात्र कोणत्याही लेपाने आतली कूज थांबत नाही, आणि डांबराखाली ओल धरून राहते ती वेगळीच. मालकाचे समाधान म्हणून मी पूर्वी गेरू फासत असे. आता तेही बंद केले आहे.

चढण्यापूर्वीची पाहणी मी कधीच टाळत नाही, कारण ज्या झाडाची तब्येत तपासायची त्याच्यावरच मला लोंबकळायचे असते. बुंध्याशी लाकडासारखी कठीण भूछत्रे आहेत का, मुळांजवळ अलीकडे चर खणला आहे का, खोड पोखरणाऱ्या भिरुड किड्याच्या छिद्रांतून भुसा गळतो आहे का, हे पाहून लाकडी हातोड्याने खोड वाजवायचे. पोकळ भागाचा आवाज फणसावर टिचकी मारणाऱ्याला वेगळा शिकवावा लागत नाही. शहराच्या हद्दीत महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, ती फांदी पडण्याआधी घ्यावी.

त्या आंब्याचा खुंट मी जिवंत कडेला धक्का न लावता काढला. पोकळीत विटा आणि सिमेंट भरून द्या, अशी मालकांची इच्छा होती. झाड वाऱ्यात हलते आणि सिमेंट हलत नाही, हे समजावून पोकळी तशीच ठेवली, आणि त्यावरच्या फांदीचा भार थोडा कमी केला. दोर लावण्यापासून उतरण्यापर्यंत पावणेतीन तास गेले, त्यात प्रत्यक्ष कापण्याची मिनिटे वीससुद्धा नसतील. पैसे मोजताना मालक म्हणाले, "वडिलांच्या वेळी एक जण आला होता. त्यानं तासाभरात निम्मं झाड खाली आणलं होतं, आणि पैसेही तुमच्या चौथाई घेतले होते."

मी दोराची गुंडाळी करत होतो. तो माणूस कोण, ते मी त्यांना सांगितले नाही.