गाद्या किती?

दरवर्षी अक्षय तृतीया झाली की आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मोठ्या काकांचा एकच मेसेज येतो, "गाद्या किती?" बास. तारीख नाही, जागा नाही, कोण येणार कोण नाही काही नाही. कारण तारीख ठरलेलीच असते, म्हणजे पोरांचे रिझल्ट लागल्यावरचे आणि लग्नाचा मुहूर्त नसलेले पहिले तीन दिवस. (लग्नाचा मुहूर्त मध्ये कुठून आला ते सांगते पुढे.) जागाही ठरलेलीच, मंडलेश्वरजवळ नर्मदेच्या काठी काकांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची आमराई. मग राहतो तो प्रश्न खरंच तेवढाच.

याला आम्ही कॅम्पिंग म्हणतो. हा शब्द २००९ साली माझ्या चुलतभावाने घरात आणला, तो तेव्हा कॉलेजात होता आणि कुठूनतरी ऐकून आला होता. तो जेवताना म्हणाला की या उन्हाळ्यात आपण सगळे कॅम्पिंगला जाऊ, तर काकू म्हणाली, "किती मागवायचे?" इंदूरबाहेरच्या लोकांना सांगायला हवं, आमच्याकडे लग्नाकार्यात गार पाण्याचा तो जो निळा नाहीतर हिरवा जार येतो ना, तोटीवाला, त्याला कॅम्पर म्हणतात. काकूला वाटलं कुणाचीतरी मुंज निघाली.

आणि तंबू आणायची जबाबदारी मोठ्या काकांनी घेतली, इथेच सगळं बदललं. काकांनी त्यांच्या नेहमीच्या टेंटवाल्याला फोन केला की पंचवीस माणसांचा टेंट पाठव, तीन दिवसांसाठी, नदीवर. आता टेंटवाल्याचा तरी काय दोष? त्याने छोट्या हत्तीत भरून पाठवलं की व्यवस्थित. गुलाबी-पिवळा शामियाना, झालरीसकट. चार कनाती. पंचवीस गाद्या, पांढऱ्या खोळी घातलेल्या, पंचवीस उशा, आठ लोड, दोन सतरंज्या. सोबत दोन पोरं, त्यातलं एक नदीकडे, मग आमच्याकडे, मग परत नदीकडे बघून म्हणालं, "भिया, स्टेज किधर लगाना है?"

शामियाना दुसऱ्या दिवशी दुपारच्या वाऱ्यात असा फुगला की बाबा आणि धाकटे काका दोन बांबूंना लटकूनच होते. पुढच्या वर्षीपासून शामियाना बंद. गाद्या मात्र राहिल्या. लग्नाचा मुहूर्त एवढ्यासाठीच बघायचा, सावे, म्हणजे लग्नाच्या तिथी, असले की इंदुरात गाद्या मिळत नाहीत.

आता कुणीही विचारेल की मे महिन्यात सगळी दुनिया वर जाते, पचमढीला नाहीतर आणखी कुठे, आणि तुम्ही मालव्यातून खाली निमाडात उतरता? बरोबर आहे. इंदूर साडेपाचशे मीटरवर, नर्मदेचा काठ त्याच्या कितीतरी खाली. महू सोडलं की जाम गेट लागतो, अहिल्याबाईंच्या काळातला, १७९१ चा, घाटाच्या अगदी तोंडावर उभा. आम्ही तिथे थांबून घरून आणलेले पोहे खातो, वर शेव, जिरावन मसाला, कांदा, आणि त्या दरवाज्यातून खाली निमाड बघतो. पावसाळ्यात लोक इथे ढग बघायला गर्दी करतात. मे महिन्यात खालून जी हवा येते ती थेट भट्टीचं झाकण उघडल्यासारखी. दरवर्षी इथे कुणीतरी म्हणतंच की अजूनही परत फिरता येईल, आणि दरवर्षी आम्ही गाड्यांत बसून खाली उतरतो. मूळ अट आजीची होती, जायचं तर मैयाकडे जायचं, हॉटेलात पैसे घालवायला मी येणार नाही. आजी आता नाही, पण अट आहे.

पण खरं कारण वेगळं आहे, आणि ते माझ्याही बऱ्याच उशिरा लक्षात आलं. २००८ च्या दिवाळीनंतर आमचा रामबागेतला वाडा बिल्डरला गेला. त्या वाड्यात बाकी काही फार चांगलं होतं असं नाही, एक संडास, सतरा माणसं, नळाला एक दिवसाआड पाणी. पण गच्ची होती. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत सगळं घर गच्चीवर झोपायचं. संध्याकाळी सहा वाजता आम्ही पोरं बादल्या वर नेऊन गच्चीवर पाणी मारायचो, फरशीतून जो एक वाफेचा वास यायचा तो मला आजही कुठे सडा पडला की येतो. मग गाद्या पसरायच्या, तासभर गार व्हायला ठेवायच्या, कडेला सुरई. मालव्याची रात्र म्हणजे शब-ए-मालवा, तिचं कौतुक जुने लोक उगाच करत नव्हते, पठार उंचावर, हवा कोरडी, आभाळ मोकळं, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते आणि पहाटे तीनला पायाशी ठेवलेली गोधडी आपोआप अंगावर येते. आणि झोपण्याचा क्रम ठरलेला. जिन्याकडून पहिले आजोबा, कारण त्यांना रात्री उठावं लागे. मग मोठे काका, जे घोरत, त्यांच्या शेजारी धाकटे काका, ज्यांना ऐकू कमी येई. मग पोरं, मग सगळ्या बायका, आणि पार कठड्याच्या बाजूला आत्या, तिला वारा लागे म्हणून. कुणाची गादी कुठे यावर रोज भांडण व्हायचं आणि रोज तीच माणसं त्याच जागी झोपायची.

वाडा गेल्यावर तीन फ्लॅट आले तीन ठिकाणी. आमच्या बिल्डिंगला गच्ची आहे, पण तिला कुलूप आहे, वर पाण्याच्या टाक्या आणि डिश अँटेना. २००९ च्या एप्रिलमध्ये बाबा पहिल्यांदा पंख्याखाली झोपले आणि सकाळी उठून म्हणाले की रात्रभर छत अंगावर आल्यासारखं वाटत होतं. त्यानंतर महिन्याभरातच तो कॅम्पिंगचा विषय निघाला. शब्द चुलतभावाचा, पण "चला" म्हणणारे बाबा होते. आमराईत पोचल्यावर पहिल्या रात्री गाद्या टाकल्या तर कुणी काही न बोलता जिन्याकडून सुरुवात झाली. जिना कुठेच नव्हता.

२०२० आणि २१ दोन्ही वर्षं गेलो नाही, जाणार कसे. तेव्हा सोसायटीवाल्यांनी गच्चीची किल्ली दिली होती मात्र. बाबांनी चार गाद्या वर नेल्या, दोन रात्री झोपले आणि खाली आले. म्हणाले, चारच्या चार कडेलाच येतात, मध्ये कुणी नसतंच.

बरं, आता जावयाचं. माझा नवरा पुण्याचा. ट्रेकवाला. सह्याद्रीतले किल्ले पाठ, पाठीवरच्या सॅकमध्ये सगळं घर. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्याला कळलं की सासरचे लोक दरवर्षी कॅम्पिंगला जातात तर तो इतका खूश झाला की नवीन तंबू घेतला, दोन माणसांचा, नारिंगी, पिशवीतून काढून फेकला की आपोआप उघडणारा. निघायच्या दिवशी खाली येऊन बघतो तर छोट्या हत्तीवर गाद्या चढतायत. त्यावर पाच कॅम्पर, गॅसची शेगडी, पाटा-वरवंटा, लोणच्याची बरणी, एक स्टँडचा पंखा (लाइट नाही तिथे, तरीही), आणि कंड्यांची तीन पोती. त्याने हळूच विचारलं, "हे गोवऱ्या कशाला?" माझे भाऊ त्याला आदराने म्हणाले, "जिजाजी, बाफले." इंदूरची मराठी अशीच आहे, गोवरीला आम्ही कंडा म्हणतो आणि मेहुण्याला जिजाजी, आणि त्याला पंधरा वर्षं झाली तरी दर वेळी तो शब्द ऐकला की तो मागे वळून बघतो कुणाला हाक मारतायत म्हणून.

बाफले मात्र सांगितलेच पाहिजेत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ऊन कलल्यावर. पीठ जाडसर गव्हाचं, त्यात थोडं मक्याचं, मोहन तुपाचं, ओवा, हळद, मीठ, आणि मळायचं घट्ट. ते काम धाकट्या काकांचं, परातीसमोर मांडी घालून, मनगटाचं घड्याळ काढून खिशात. गोळे करून आधी उकळत्या पाण्यात सोडायचे, तळाला गेलेले वर तरंगून आले की काढायचे. इथेच बाटी आणि बाफल्यातला फरक, बाटी सरळ विस्तवात जाते, बाफला आधी पाण्यात. मग ते कापडावर कोरडे करायचे. तोवर बाबांनी कंडे रचलेले असतात, आधी धूर, मग ज्वाळा, आणि ज्वाळा बसून वर राख धरली की बाफले त्यावर. बाबा चिमटा हातात घेऊन उकिडवे बसतात आणि एकेक फिरवतात, त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं नाही. फुटून तडा गेला की झाला. राख झटकून, फडक्यात धरून, हाताने दाबून तुपाच्या पातेल्यात. वरण तुरीचं, आंबट-गोड, हिरवी चटणी, लाडू. पहिल्या वर्षी नवऱ्याने दोन खाल्ले आणि तिसरा आग्रहाचा. मग तो जो आमराईत आडवा झाला तो रात्री नऊला उठला, आणि उठून बघतो तर त्याच्या नारिंगी तंबूला वरच्या बाजूला एक भोक. कंड्याची ठिणगी उडाली होती, पैशाएवढं गोल. कुणीच काही बोलेना. शेवटी आत्या म्हणाली, "जाऊ द्या, तेवढाच तारा दिसेल."

आणि दिसला म्हणे. ती रात्र तो तंबूतच झोपला, हट्टाने, घामाने निथळत. आम्ही बाहेर. नर्मदेकाठी पहिल्या प्रहरात काही गार नसतं, दगडसुद्धा गरम असतात. एक वाजून गेला की पाण्यावरून हवा यायला लागते. तोवर आम्ही पडल्या पडल्या आभाळ वाचतो. मे महिन्यात सप्तर्षी उत्तरेला चांगले वर असतात, बाबा पोरांना वसिष्ठाशेजारची अरुंधती दाखवतात, ज्याला दिसेल त्याचे डोळे चांगले. धाकट्या काकांना ती दरवर्षी दिसते. ते चश्मा काढून झोपलेले असतात. दहाच्या सुमाराला आग्नेयेकडून विंचू वर येतो, मध्ये लालसर ज्येष्ठा, तोवर निम्मी पोरं झोपलेली.

चपलांचं ते २०१६ चं. शेतकरीदादा संध्याकाळीच सांगून गेले होते, "चप्पल ऊपर रख लो भैया, रात को मैया चढ़ेगी।" वर ओंकारेश्वरला धरण आहे, तिथून पाणी सुटलं की खालचा काठ बघता बघता आत जातो, आभाळात ढगाचा ठिपका नसताना. आमच्या गाद्या वरच असतात, आमराईत, चांगल्या पन्नास पावलांवर. पण चपला सगळ्यांनी घाटाच्या खडकावर काढल्या होत्या, पाय धुवायला गेलो तेव्हा. सकाळी खडकच नाही. सोळा जोड गेले. मोठे काका अनवाणी पंजांवर नाचत गरम वाळूतून येत होते आणि ओरडत होते की मला कुणी सांगितलं का नाही, आणि सांगितलं होतं ते त्यांनाच. मग एक गाडी महेश्वरच्या बाजारात गेली. तिथे अहिल्याबाईंच्या पायरीच्या घाटाला नमस्कार करून, माहेश्वरी साड्यांच्या दुकानांकडे नुसतं बघून (म्हणजे मी बघून, वहिनीने एक घेतली), सोळा जोड रबरी स्लीपर, सगळे निळे, कारण एकाच रंगाचे तेवढे होते. उरलेले दोन दिवस कुणाची कुठली कळेना. माझ्याकडे अजून एक जोड आहे, डावी सात नंबरची, उजवी नऊ.

या सगळ्याची एक यादी आहे. आईच्या जुन्या डायरीत, शेवटच्या पानांवर. आमची यादी म्हणजे चुकांची वही. सगळ्यात वर "मीठ", तीनदा अधोरेखित, कारण पहिल्या वर्षी पंचवीस माणसांचं सामान नेलं आणि मीठच विसरलो. त्याखाली "गाद्यांची खोळ मोजून घेणे". "आत्याची गोळी, पर्समध्ये नाही, आईकडे." "चपला वर!!" हे बाबांच्या अक्षरात. "पंखा नको", त्याच्यापुढे काकूच्या अक्षरात "असू दे". आणि मध्येच एका वर्षी चुलतभावाने अमेरिकेत जायच्या आधी लिहिलेलं, "माझी जागा मधली, कुणी घेऊ नये." ती कुणी घेत नाही. गादी टाकतो तिथे, वर पोरांचे कपडे पडतात.

नवऱ्याचा तंबू पुढची तीन वर्षं आला. भोकाला त्याने निळी चिकटपट्टी लावली होती. पहिल्या वर्षी दोन रात्री तंबूत, दुसऱ्या वर्षी एक, तिसऱ्या वर्षी तंबू उघडला पण आत कॅम्पर ठेवले, सावली म्हणून, पाणी गार राहतं. जागेचा प्रश्न होताच. गच्चीवरच्या क्रमात जावई कुठे बसवायचा हे कुणालाच माहीत नव्हतं, वाड्यात जावई गच्चीवर झोपत नसत, त्यांना खालची खोली मिळायची पंख्याची. शेवटी मोठ्या काकांनीच त्याला आपल्या आणि धाकट्या काकांच्या मध्ये घेतलं. मी रात्री दोनला उठून बघितलं तर दोन्ही बाजूंनी घोरणं चालू आणि हा मध्ये डोळे उघडे ठेवून आभाळाकडे बघत. म्हटलं, इकडे ये. तर म्हणाला, "नको, काकांना वाईट वाटेल."

यंदा ग्रुपवर "गाद्या किती?" आलं तेव्हा आई डायरी शोधत होती आणि ती नवऱ्याच्या हातात होती. यादीत मध्येच त्याच्या मराठी शाळेतल्या वळणदार अक्षरात जुना शब्द होता, "तंबू १". तो त्याने सरळ रेघ मारून खोडला आणि पुढे लिहिलं, "कापूस, कानासाठी. पाकीट १."