कै. आणि पूर्वाश्रमीची

१७ जानेवारी

सकाळी बेळगावच्या हुतात्मा चौकात जाऊन आले. १९५६ साली आजच्या दिवशी सीमाभागात गोळीबारात जे गेले, त्यांची नावं दरवर्षी तिथे घेतली जातात. लहानपणी शहापुरातून वडिलांचा हात धरून जायचे तेव्हापासून ऐकत आलेय. वाचणारा मध्येच अडला तर पुढचं नाव मी सांगू शकेन. ७० वर्षं झाली.

घरी येऊन चहा घेतला, वही उघडली आणि आमच्या वर्गातल्या २२ जणांची नावं लिहायला बसले. १७ वर गाडी अडली ती अडलीच.

फेब्रुवारीत धारवाडला जमायचं ठरलंय. एम.एस्सी. केमिस्ट्री, १९८१ ची बॅच. छोटीशी स्मरणिका निघणार आहे आणि त्यातलं गेलेल्यांचं पान माझ्या गळ्यात पडलंय. ‘तुझं मराठी बरं आहे’ हे दिलेलं कारण. खरं कारण, ते काम कुणालाच नको होतं. मी मराठीत लिहायचं आणि सौंदत्तीने ते कन्नडमध्ये उतरवायचं, अशी वाटणी झाली.

सौंदत्ती म्हणजे गाव नव्हे, माणूस. हॉस्टेलात आम्ही एकमेकांना गावाच्या नावानेच हाक मारायचो. निपाणी, चिकोडी, गोकाक, खानापूर, सौंदत्ती. मी शहापूर. वर्गात तीन पाटील आणि चार कुलकर्णी असल्यावर दुसरं काय करणार? म्हणूनच आज नावं आठवत नाहीत. गावं सगळी आठवली.

बेळगावची कॉलेजं २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे गेली, भूतरामनहट्टीला. आमच्या वेळी इथे शिकलं तरी कागद धारवाडचा मिळायचा, आणि एम.एस्सी. करायची तर धारवाडच गाठायला लागायचं. रविवारी संध्याकाळी खानापूर, लोंढा, अळणावर करत जाणारी मीटरगेजची गाडी पकडायची. कर्नाटक विद्यापीठ १९४९ मध्ये मुंबईत सुरू झालं आणि पुढच्या वर्षी धारवाडला आलं. बेळगावही तेव्हा मुंबई राज्यातच होतं. कॅम्पसला पावटेनगर म्हणतात. डी. सी. पावटे १९५४ ते १९६७ कुलगुरू होते. ते गोकाक तालुक्यातल्या ममदापूरचे. आमचा गोकाक त्यांचं नाव असं घ्यायचा, जसे काही सख्खे काका.

गोकाकही गेलेल्यांच्या यादीत आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तिघे गेले, त्यातला एक. त्या तिघांविषयी आज लिहवत नाही.

यादी ९ वर आली आहे.

२१ जानेवारी

निधनवार्तेची कात्रणं जमवली. ज्यांची नव्हती त्यांची घरच्यांकडून फोटो काढून मागवली. नऊच्या नऊ एकाच साच्यातली. अल्पशा आजाराने निधन झाले. पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे. रक्षाविसर्जन सोमवारी सकाळी ८ वाजता. पेपरवाल्यांना दोष नाही, चार ओळींत ते तरी काय बसवणार? पण सगळी एकाखाली एक लावल्यावर दिसतं की मागे कोण राहिलं याचा हिशेब चोख आहे. गेला कोण, ते आडनावापाशी संपतं.

मोठ्यांचं वेगळं. २०१९ च्या जूनमध्ये गिरीश कर्नाड गेले तेव्हा आमच्या ग्रुपवर दिवसभर तेच होतं. ते धारवाडच्या कर्नाटक कॉलेजचे, १९५८ चे पदवीधर, त्यामुळे ‘आपले’. त्यांच्यावर चार दिवस पानंच्या पानं आली. ती यायलाच हवी होती. त्याच महिन्यात आमच्यातला एक गेला, त्याखाली हात जोडलेली ११ चित्रं आली. अकरावं माझं होतं.

दुपारी निपाणीच्या घरी जाऊन आले. वहिनींना आधी फोन केला होता. मुलाने बाबांची माहिती टाइप करून ठेवली होती. साखर कारखान्यात ज्युनिअर केमिस्ट, मग मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट, मग चीफ केमिस्ट, कुठल्या साली कुठे. व्यवस्थित. तो वाचत होता आणि मला १९८१ चा मार्च दिसत होता.

तंबाखूच्या दरासाठी शेतकऱ्यांनी निपाणीजवळ हमरस्ता अडवला होता. रस्त्यावर बैलगाड्या आणि माणसं, त्यात ह्याचे वडील. आमची प्रॅक्टिकल तोंडावर आलेली आणि ह्याला धारवाडला यायला बस नाही. तेव्हा पठ्ठ्याने सायकलवरून चिकोडी गाठली, तिथून चिकोडी रोड स्टेशन, आणि मिळाली त्या गाडीने पहाटे धारवाडात उतरला. अंगाला तंबाखूच्या वखारीचा वास, तसाच लॅबमध्ये. सरांनी नाक मुरडलं. दिलेल्या क्षाराचं पृथक्करण मात्र त्याचंच सगळ्यांत आधी आलं.

एप्रिलमध्ये आंदोलकांवर गोळीबार झाला. वडील जिवंत आहेत की नाहीत, हे त्याला दोन दिवस कळलं नव्हतं. ट्रंक कॉल लागत नव्हता. तो लॅबमध्ये येऊन नुसता ब्युरेट धुवत बसायचा. एकच ब्युरेट, परत परत. आम्ही कुणी काही बोललो नाही. काय बोलायचं ते २१-२२ च्या वयात कळतही नाही. वडील तिसऱ्या दिवशी सुखरूप असल्याचं कळलं.

हे मी मुलाला सांगितलं. त्याला सायकलचं माहीत होतं, ब्युरेटचं नव्हतं. मग वहिनी आत गेल्या आणि एक पांढरा कोट घेऊन आल्या. आमचा लॅबचा कोट! खिशाजवळ ॲसिडने पडलेलं भोक. दर खंडेनवमीला ते हा कोट घडी घालून पूजेला ठेवायचे म्हणे. कारखान्यातली पूजा वेगळी, ही घरातली. ‘आम्ही हसायचो,’ वहिनी म्हणाल्या, ‘पण ह्या वर्षी मीच ठेवला.’

मुलाचा टाइप केलेला कागद वहीत ठेवलाय. पानावर कोट जाणार. चीफ केमिस्ट एका ओळीत बसेल.

२५ जानेवारी

वर्गात मुली पाच होतो. चौघींचा ठावठिकाणा आहे. खानापूरचा नव्हता.

ती आमच्यात हुशार. ऑरगॅनिकच्या प्रॅक्टिकलला बाटली हातात आली की आधी वास घ्यायची आणि नाव सांगून मोकळी व्हायची. सर ओरडायचे, ‘एक दिवस मरशील!’ मग बाकीच्या टेस्ट करून तिचंच बरोबर निघायचं. १९८२ ला तिचं लग्न झालं, आणि बाई हरवली. लग्नात तिचं पाळण्यातलं नावही बदललं. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवीन नाव लिहिलं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं आलं, आडनाव बदललं. सर्टिफिकेटवरचा एक शब्द जागेवर राहिला नाही. आता कुठल्या नावाने शोधायची? रोज सकाळी पेपरात निधनवार्ता वाचते मी, ह्या वयात सगळेच वाचतात. ती त्यात येऊन गेली असती तरी माझी नजर पुढे सरकली असती.

तिच्या माहेरचा कौलांचा कारखाना होता एवढं आठवत होतं. आज रविवार, म्हणून बसने खानापूरला गेले. स्टँडवर दोघातिघांना विचारलं. कारखाना कधीच बंद झालाय, पण भाऊ त्याच आवारात राहतात. मला ओळखलं नाही. धारवाडचं म्हटल्यावर लगेच खुर्ची पुढे केली.

‘ताई, ती जाऊन झाली की १४ वर्षं. तुम्हाला कळवायचं कुणी?’

२०१२. हळियाळला. त्यांनी कात्रण काढून दाखवलं. सासरचं नाव, पश्चात पती, एक मुलगा, सून. नावामागे सौ. होतं. नावापुढे एम.एस्सी. नव्हतं.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती परत येताना बसमध्येच लिहून काढली. अक्षर वाकडं आलंय. नव्वदच्या सुमाराला त्यांच्या कौलांवर पांढरं फुटायला लागलं. भट्टीतून लाल निघायची, एक पाऊस झाला की लोणा धरल्यासारखी दिसायची. गिऱ्हाईक माल परत करायला लागलं. कुणी म्हणालं जळण ओलं, कुणी म्हणालं नजर लागली. ही गणपतीला माहेरी आली होती. तिने ते पांढरं खरवडून पुडीत घेतलं, जाताना मातीचं एक ढेकूळ आणि विहिरीचं बाटलीभर पाणीही नेलं. पंधरा दिवसांनी पत्र आलं. मातीत सल्फेटचे क्षार आहेत, ते पाण्याबरोबर वर येऊन वाळतात. माती मळताना थोडं बेरियम कार्बोनेट घाला. किती घालायचं ते मोजून दिलेलं, आणि खाली दोनदा अधोरेखित : विषारी आहे, मुलांच्या हाताला लागू देऊ नका, भाकरीच्या डब्याजवळ ठेवू नका.

‘पुढच्या पावसात कौलं लाल राहिली,’ भाऊ म्हणाले आणि वर बोट दाखवलं. त्यांच्या पडवीवर तीच आहेत.

टेस्ट तिने कशावर केली असेल? हळियाळच्या स्वयंपाकघरात सल्फेट ओळखायला लागणारं बेरियम क्लोराईड कुठून आणलं? कुठल्या कॉलेजातल्या ओळखीने? तिला विचारायला हवं होतं. ३० वर्षं बेळगाव ते खानापूर बस होती. २६ किलोमीटर.

यादी १० झाली.

रात्री वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःची दोन्ही नावं लिहिली, सर्टिफिकेटवरचं आणि आधार कार्डावरचं. ह्यांना दाखवलं आणि म्हटलं, मी गेले तर पेपरात दोन्ही द्या, ‘पूर्वाश्रमीच्या’ असं लिहून. हे म्हणाले, जाहिरातीचे शब्दावर पैसे असतात. म्हटलं, असू देत.

३१ जानेवारी

सकाळी साडेसातला अनोळखी नंबर.

‘शहापूर? मला पोचवलीस व्हय गं?’

पहिल्यांदा कळेना. मग आवाज ओळखला आणि मटकन खाली बसले. चिकोडी! यादीतला सातवा. गेल्या दिवाळीत पेपरात त्याच नावाचा, त्याच आडनावाचा, निवृत्त शिक्षक, चिकोडी. फोटो नव्हता. कुणीतरी कात्रण ग्रुपवर टाकलं आणि आम्ही सगळ्यांनी धडाधड श्रद्धांजली वाहिली. तो ग्रुपवर नाहीच, नाकारायला कोण येणार? वडिलांचं नाव वेगळं होतं, ते एकानेही पडताळलं नाही. मीही नाही, आणि मी तर कात्रणांची जमवाजमव करत होते. काल सौंदत्तीने सांत्वनाला त्याच्या घरी फोन लावला, तो ह्यानेच उचलला.

‘बायकोला म्हणालो, बघ, माझ्यामागं किती चांगलं बोलतात लोक.’

मी माफी मागितली. तो हसतच होता. मग म्हणाला, ‘काय लिहिलीस ते तरी वाच की. एवढं मेलोय तर ऐकून जातो.’

नको म्हटलं, ऐकेना. शेवटी वही काढून वाचलं. चिकोडी. बोलायला कन्नडात सुरुवात करायचा आणि मराठीत संपवायचा, भांडण मात्र इंग्रजीत. दर सोमवारी घरून फडक्यात बांधलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी आणायचा. लॅबच्या मागच्या पायरीवर फडकं उघडायचं, आणि त्याच्या स्वतःच्या वाट्याला कधी अर्धीच्या वर भाकरी आलेली कुणी पाहिली नाही.

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं फोन कटला.

‘शेंगाची नव्हती,’ तो म्हणाला.

‘काय?’

‘चटणी. शेंगा परवडायच्या नाहीत आम्हाला. कारळ्याची असायची. आई कारळ्याचीच करायची. तेवढं दुरुस्त कर.’

शेंगा खोडून कारळे लिहिलं. बाकीचं, तो म्हणाला, तसंच ठेव वहीत, लागेल.