शिंगं मोडून

भाच्याचा पदवीदानाचा फोटो ताईने हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावलाय. काळा गाऊन, चौकोनी टोपी, कानाशी लोंबणारा गोंडा, हातात रिबिनीची गुंडाळी. गुंडाळी कोरी होती, खरं सर्टिफिकेट नंतर पोस्टाने आलं. गाऊन भाड्याचा. परत करताना कॉलरला डाग दिसला म्हणून डिपॉझिटातले शंभर रुपये कापले. हा किस्सा आमच्याकडे पदवीपेक्षा जास्त वेळा सांगितला जातो.

"मामा, पण ही टोपी मुळात कशासाठी?" त्याने परवा विचारलं. मला असं कोणी विचारायची खोटी.

मध्ययुगात इटलीतल्या बोलोन्याला डॉक्टर, म्हणजे विद्यापीठाची सगळ्यात वरची पदवी घेणाऱ्याला, चर्चमध्ये उभं करत. आधी त्याच्या हाती मिटलेलं पुस्तक द्यायचे, मग तेच उघडून. बोटात अंगठी, म्हणजे विद्येशी लग्न लागलं. डोक्यावर टोपी. मग अध्यापकाच्या उंच आसनावर बसवायचं. लग्न म्हटलं की खर्च आलाच. जेवणावळी इतक्या वाढल्या की १३११ साली आजच्या फ्रान्समधल्या व्हिएनला भरलेल्या धर्मपरिषदेने पदवीच्या समारंभावर चांदीच्या ३००० तुर्नोआ नाण्यांपेक्षा जास्त उधळायचं नाही, असा नियम केला.

हे झालं वरच्या पायरीचं. खालच्या पायरीवर जास्त मजा होती. नवख्या पोराला पॅरिसमध्ये 'पिवळी चोच' म्हणत. आपण ओठ पिळले तर दूध निघेल म्हणतो, तसंच. जर्मन विद्यापीठांत तर नवखा हा माणूसच नाही, रानटी जनावर आहे, असं धरून चालत. त्याला शिंगांची टोपी घालायची, तोंडात सुळे बसवायचे आणि जुन्या पोरांनी ते चिमट्याने उपटून काढायचे. शिंगं कापायची. शेवटी जिभेवर शहाणपणाचं मीठ, वर वाइन, आणि बिल नवख्याच्या नावावर. आपल्याकडे शिंगं मोडतो तो वासरात शिरायला. तिथे शिंगं मोडल्याशिवाय कळपातून बाहेर पडता येत नसे. मौज म्हणून वाचायला बरं, पण चिमटा ज्याच्या तोंडात गेला असेल त्याला रूपक वगैरे सुचलं नसणार.

आणि केंब्रिज. फ्रान्समधल्या शार्त्र्‌च्या कॅथेड्रलवर बाराव्या शतकातलं एक शिल्प आहे: व्याकरण ही एक बाई, हातात छडी, पायाशी दोन पोरं. केंब्रिजवाल्यांनी हे शिल्प जणू जिवंतच केलं. तिथे व्याकरणाचा 'मास्टर' होणाऱ्याला पुस्तक नव्हे, छडी आणि हातावर मारायची पट्टी मिळायची. नुसती मिळून भागत नसे, ती चालवता येते हे दाखवावं लागे. विद्यापीठाच्या चोपदाराने सोळाव्या शतकात हा विधी लिहून ठेवलाय. चोपदाराने एक द्वाड पोरगा शोधून आणायचा. नव्या मास्तराने त्याला सगळ्यांदेखत फोडून काढायचं. मग त्या पोराच्या हातावर एक ग्रोट ठेवायचा, म्हणजे चार पेन्स, 'श्रमाबद्दल'. दुसरा ग्रोट छडी-पट्टी पुरवणाऱ्याला.

'श्रमाबद्दल' या शब्दापाशी मी दर वेळी अडकतो. तो पोरगा कुठला असेल? बाजारातला? चोपदाराच्या ओळखीचा? एकदा जमल्यावर पुढच्या वर्षी स्वतःच दारात येऊन उभा राहत असेल का? पुस्तक, अंगठी, टोपी या सगळ्या वस्तू कशाच्या तरी खुणा होत्या. ह्या पोराच्या पाठीवरचे वळ मात्र वळच होते.

मी बराच वेळ बोललो असणार, कारण ताई मधे चहा ठेवून गेली होती आणि तो गार झाला होता. भाचा मात्र ऐकत होता.

"म्हणजे मार खाऊन त्याला वर पैसे मिळाले," तो म्हणाला. "आमचे उलट कापून घेतले."

आतून ताईचा आवाज आला, "शंभर नाही, दीडशे!"