ग्रीसचा अंगठा

अमेरिकन लेखक रॉबर्ट पिर्सिग गेल्याचं वाचलं आणि कपाटातून पुस्तक काढलं. ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’. माझ्या प्रतीत एका पानावर ग्रीसने माखलेला अंगठा उमटलाय. माझाच.

कॉलेजात नावाला भुलून घेतलं होतं. वाटलं, गाडी खोलायला शिकू, जमलंच तर थोडं झेन, म्हणजे जपानी बौद्ध ध्यान. दोन्ही नाही. लेखकाने सुरुवातीलाच तसं बजावलंय, पण ते वाचतो कोण! १९६८ साली एक बाप, म्हणजे पिर्सिगच, अकरा वर्षांच्या ख्रिसला मागे बसवून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाला निघतो, एवढीच गोष्ट. मध्ये पानंच्या पानं तत्त्वचर्चा. ती मी तेव्हा सरळ उलटली. पुस्तक १२१ प्रकाशकांनी नाकारलं म्हणे; मला त्यांचा राग येत नाही.

मी अडलो स्क्रूपाशी. साइड कव्हरचा स्क्रू हलत नाही, जोर लावला की खाच झिजते. पिर्सिग म्हणतात, या घडीला त्या दिडदमडीच्या स्क्रूची किंमत अख्ख्या मोटरसायकलएवढी! बाबांच्या स्कूटरवर मी नेमका हाच पराक्रम करून बसलो होतो. पेचकसावर हातोडी हाणली, खाच गेली. मग जिन्यात बसून ते पान पुन्हा वाचलं, घासलेटचे चार थेंब सोडले, रात्रभर थांबलो. सकाळी निघाला? छे, शेवटी ड्रिलच मारावं लागलं. पण रात्रभर एका स्क्रूचा विचार मी त्याआधी कधी केला नव्हता.

तरुणपणी पिर्सिग काशीला, बनारस हिंदू विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकत होते. जग माया आहे असं सांगणाऱ्या प्राध्यापकांना विचारलं, मग हिरोशिमा-नागासाकीवरचे बॉम्बही का? प्राध्यापक हसून हो म्हणाले. हे वर्गातून उठले ते भारत सोडूनच गेले. स्क्रूला खरा मानणारा माणूस, दुसरं काय करणार?

ख्रिसला १९७९ साली सॅन फ्रान्सिस्कोत, झेन केंद्राबाहेर, लुटारूंनी भोसकून मारलं. पुस्तकाच्या शेवटी तो मागे, पाय ठेवायच्या दांड्यांवर उभा राहून बापाच्या खांद्यावरून रस्ता बघतो. इतके दिवस त्याला नुसती पाठ दिसत होती.

आज स्क्रूचं पान वाचलं. ते शेवटचं नाही उघडलं.