शिंगराची पहिली ओळख

शिरूर तालुक्यात माझ्या मामांकडे लग्नाच्या वरातींसाठी पाळलेल्या दोन घोड्या आहेत. त्यांतली कुमैत रंगाची लक्ष्मी तीन वर्षांपूर्वी फाल्गुनात व्याली, तेव्हा मी योगायोगानेच तिथे होतो. घोडी साधारण अकरा महिने गाभण राहते, पण दोन-तीन आठवडे सहज मागेपुढे होतात. शिवाय बहुतेक घोड्या रात्री, आजूबाजूला सामसूम झाल्यावरच वितात. आम्ही आळीपाळीने चार रात्री जागलो आणि पाचव्या रात्री मामा चहा ठेवायला घरात गेले, तेवढ्यात लक्ष्मी मोकळी झाली.

शिंगरू तासाभरात उभे राहिले, पण ते दूध शोधताना पाहून जीव कासावीस झाला. ते आधी आईच्या पुढच्या पायांमध्ये तोंड घालून चोखू लागले, मग तबेल्याच्या भिंतीचा अंधारा कोपरा चाटू लागले. घोडीला दोनच सड असतात आणि कास अगदी मागच्या पायांच्या बेचक्यात असते. मी त्याला धरून तिकडे वळवायला पुढे झालो, तर मामांनी मनगट धरले. "थांब जरा. त्या दोघांचं काम आहे ते." घाई खरे तर मामांनाही होतीच, कारण गर्भात असताना आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्ये शिंगराला वारेतून मिळत नाहीत. ती सगळी चिकातून मिळवावी लागतात आणि ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता पहिल्या दिवसाबरोबर संपते. तरीही दोन-अडीच तास वाट पाहण्यात धोका नव्हता. तेवढ्या वेळात लक्ष्मी त्याला चाटत होती आणि ओठ मिटून, घशातल्या घशात एक खोल, थरथरता आवाज काढत होती. एरवी खणखणीत खिंकाळणाऱ्या या घोडीचा तसला हलका आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

या पहिल्या तासांविषयी माझा एक गैरसमज तिथे दूर झाला. मला वाटे की मायलेकरांना एकमेकांची ओळख एकाच वेळी पटते. घोडी वासावरून आणि चाटण्यातून आपले पिलू फार लवकर ओळखते हे खरे, पण शिंगराला आई नेमकी कळायला काही दिवस जातात. तोपर्यंत ते समोरून हलणाऱ्या कोणत्याही मोठ्या आकृतीच्या मागे जाऊ शकते. म्हणूनच एरवी गरीब असलेली घोडी त्या दिवसांत कान मागे पाडून बाकीच्या घोड्यांना आणि माणसांनाही दूर ठेवते. दुसऱ्या दिवशी सकाळी शिंगरू बघायला अर्धी आळी तबेल्यात शिरली आणि लक्ष्मीने दाराच्या फळीवर लाथ हाणली, तेव्हा ती बिघडली असे लोक म्हणाले. माझ्या मते चूक आमची होती. आम्ही दार लावून घ्यायला हवे होते.

दुसरी घोडी म्हातारी होती. तिला लक्ष्मीने आठवडाभर जवळ फिरकू दिले नाही. पुढे कुरणात सोडल्यावर शिंगरू स्वतःच तिच्यापुढे गेले, मान ताणली, ओठांचे कोपरे मागे ओढले आणि काही न चावता जबड्याची उघडमीट करू लागले. लहान शिंगरे मोठ्या घोड्यांसमोर हे हमखास करतात. याला शरणागती म्हणावे की निव्वळ बावरलेपण, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. म्हातारीने त्याला हुंगले आणि पुन्हा चरू लागली. महिन्या-दोन महिन्यांत दोघे समोरासमोर उभे राहून एकमेकांची मानेच्या बुडाशी, आयाळ संपते तिथली कातडी दातांनी खाजवू लागले. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवरचा एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. नेमक्या याच जागी खाजवल्यास घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे त्यात दिसून आले होते. मामांना तो अभ्यास ठाऊक नाही, पण बुजलेल्या घोडीला शांत करताना त्यांचा हात आपसूक तिथेच जातो.

मोकळ्या कळपात घोडी पुढचे शिंगरू होण्याच्या सुमारापर्यंत दूध पाजते आणि तरणी घोडी किंवा घोडा दोन-तीन वर्षांचा झाला की कळप सोडतो. पाळीव शिंगराचे दूध मात्र चार ते सहा महिन्यांत तोडतात आणि बहुधा त्याला एकट्यालाच बंद खोलीत कोंडून. मला हे क्रूर वाटते आणि धोक्याचेही, कारण घाबरलेले शिंगरू भिंतीवर धडका घेऊन स्वतःला जखमी करून घेते. मामांनी तुळशीच्या लग्नापर्यंत थांबून लक्ष्मीला वरातींच्या हंगामासाठी दुसऱ्या गावी नेले आणि शिंगराला म्हातारीजवळ ठेवले. दोन दिवस ते कुंपणाशी उभे राहून खिंकाळत राहिले. तिसऱ्या दिवशी ते म्हातारीच्या घमेल्यात तोंड घालून तिची चंदी खाताना दिसले आणि ती, एरवी दाण्याला कोणाला शिवू न देणारी, जरा बाजूला सरकून उभी होती.

पौषात लक्ष्मी परतली तेव्हा तिचे दूध आटले होते. शिंगरू सवयीने कासेकडे वळले, तिने पाय उचलून त्याला हटकले. मग ते पुढे आले आणि तिच्या मानेच्या बुडाशी खाजवू लागले.