शंभर लिटरच्या टाकीत एकच मासा का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. घरी येणारा जो तो टाकीसमोर उभा राहतो, दगड बघतो, पाणी बघतो आणि म्हणतो, "मासे कुठायत?" मी बोट दाखवतो. कोपऱ्यातल्या दगडावर जो पिवळट, गाठीगाठींचा गोळा बसलाय, तो मासा. शेजारच्या काकूंनी त्याचं नाव धोंडोबा ठेवलंय. मग पुढचा प्रश्न ठरलेला: "एवढ्या टाकीत हा एकटाच? दोन-चार निमो तरी सोडा की!"

सोडले असते हो. सगळे याच्या पोटात गेले असते.

हा फ्रॉगफिश, म्हणजे दबा धरून शिकार करणारा समुद्री मासा, अँटेनेरिअस मॅक्युलॅटस जातीचा. वाढून वाढून चार-पाच इंच. याला पोहायचा मनस्वी कंटाळा. छातीचे पर हातासारखे टेकत चालतो आणि फारच घाई असेल तर परांमागच्या छिद्रांतून पाणी जोरात सोडून पुढे सरकतो. पाठीवरच्या पहिल्या काट्याची कपाळावर बारीक काठी झालेली असते आणि तिच्या टोकाला आमिष. या जातीचं आमिष चक्क छोट्या माशासारखं दिसतं. ते नाचवत तो बसून राहतो. कुणी खाल्लं तर पुन्हा उगवतं.

बघायचा क्षण मात्र जेवणाचा, आणि तोही बघता येत नाही! लांब चिमट्यात सोललेली कोळंबी धरून मी त्याच्यापुढे हळू हलवतो. आधी फक्त डोळे फिरतात. मग एक पर उचलून पुढे टेकतो, मग दुसरा. तोंड किंचित वर होतं. आणि चिमटा रिकामा. मधलं काहीच दिसत नाही. 1979 साली ग्रोबेकर आणि पीट्श या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यानं या जातकुळीतल्या माशांचं खाणं टिपलं, तेव्हा कळलं की झडप साधारण 6 मिलिसेकंदांत संपते. तोंडाची पोकळी एकदम कितीतरी पटींनी फुगते आणि समोरचं पाण्यासकट आत ओढलं जातं. चावणं वगैरे भानगड नाही.

आता सोबतीचं बघा. आपल्याएवढ्या लांबीचा मासाही हा गिळतो. त्याच्या हिशेबात "मोठा आहे, जाऊ दे" असा रकानाच नाही, आणि न झेपणारा घास घेऊन फ्रॉगफिश मरतातही. बरं, खरोखरच मोठा मासा ठेवावा तर तो याच्या आमिषाचे आणि कातडीचे लचके तोडणार. काचेवरून फिरणारी सुंदर क्लीनर श्रिंप, म्हणजे छोटी कोळंबी? घास. दुसरा फ्रॉगफिश? तोही घास, किंवा हा त्याचा. त्यामुळे जोडी लावायचा आग्रह कृपया नको.

खरी परीक्षा आपल्या मायेची असते. आठवड्यातून दोन-तीनदा खाणं पुरे, पण मी काचेजवळ गेलो की हा काठी नाचवायला लागतो आणि घरातल्यांचा जीव तुटतो. "बिचारा उपाशी आहे," असं आमच्याकडे रोज कुणीतरी म्हणतं. जास्त खाऊ घातलं की पाण्यात अमोनिया आणि नायट्रेट वाढलंच म्हणून समजा. दुकानदार स्वस्तातले छोटे गोल्डफिश देऊ करतात, ते घेऊ नका. गोड्या पाण्यातलं ते खाणं सतत दिलं तर समुद्री माशाला सोसत नाही. जिवंतच काही द्यायचं असेल तर मॉली बरी, ती हळूहळू खाऱ्या पाण्याला सरावते.

पाण्याचं थोडक्यात: आरओच्या पाण्यात समुद्री मीठ, लिटरला साधारण 35 ग्रॅम. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी साधं आरओचंच पाणी, मिठाचं नव्हे. तापमान 25 अंशांच्या आसपास. एप्रिल-मे महिन्यात पुण्यात हे चिलरशिवाय, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राशिवाय जमत नाही आणि वीज गेली की इन्व्हर्टरवर आधी हवेचा पंप, मग आमचा पंखा. खरे कोरल लावू म्हणाल तर नाव काढू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याचं प्रवाळांना संरक्षण आहे. माझ्याकडचे दगड सिरॅमिकचे आहेत, धोंडोबाची तक्रार नाही.

आणि "पिवळाच हवा" म्हणून घेणार असाल तर थांबा. काही आठवड्यांत हा आजूबाजूच्या रंगाकडे झुकू शकतो. माझा आणला तेव्हा लिंबासारखा होता, आता जुन्या भिंतीसारखा दिसतो. मला तसाच आवडतो, पण पैसे रंगाचे मोजलेत तर वाईट वाटेल.

तरीही घ्यायचाच असेल, तर दुकानात डोळ्यांदेखत खाऊन दाखवायला सांगा. न खाणारा मासा कितीही स्वस्त मिळाला तरी नको. आणि पिशवीत भरताना जाळीनं उचलू देऊ नका, पाण्याखालीच डब्यात घ्यायला लावा. पाण्याबाहेर काढला की हा हवा गिळतो आणि मग फुग्यासारखा तरंगत राहतो, खाली बसता येत नाही. दुकानदार कुरकुर करेल. करू दे.